जावा मानवाचे संशोधक यूजीन द्युब्वा

मानव आणि कपी यांचा पूर्वज एकच असावा, हा विचार चार्ल्स डार्विन यांनी मांडला तेव्हा त्याला मुख्य आधार होता तो जिवंत प्राण्यांच्या शरीररचनेचा. जमिनीतून निघालेला पुरावा जवळजवळ नव्हताच. जर्मनीतील निअँडर खोऱ्यात १८५६ मध्ये एक विलक्षण कवटी सापडली होती. परंतु ती प्राचीन मानवाची की एखाद्या रोगग्रस्त माणसाची, याविषयी विद्वानांत एकवाक्यता नव्हती. शिवाय असे अवशेष हाती येत ते खाणीत किंवा गुहेत काम करणाऱ्या मजुरांच्या फावड्याला योगायोगाने लागले म्हणून. मानवाचा पूर्वज जीवाश्मरूपाने शोधून काढायचाच, असा निश्चय करून आणि त्यासाठी हातची नोकरी सोडून घराबाहेर पडलेली पहिली व्यक्ती म्हणून डच वैद्य यूजीन द्युब्वा यांचे नाव घेतले जाते. ज्या गृहीतकांच्या आधारे ते निघाले, त्यांतील बहुतेक पुढे चुकीची ठरली. तरीही पाच वर्षांच्या आत त्यांना हवे होते ते सापडले. विज्ञानाच्या इतिहासात अशी उदाहरणे फार नाहीत.

द्युब्वा यांचा जन्म २८ जानेवारी १८५८ रोजी नेदरलँड्सच्या दक्षिण टोकाकडील लिम्बर्ख प्रांतात, आइस्डेन या गावी झाला. वडील औषधविक्रेते होते आणि पुढे ते गावाचे नगराध्यक्षही झाले. कुटुंब श्रद्धाळू कॅथलिक होते. घराभोवतीचा परिसर चुनखडीच्या टेकड्यांचा. त्यांत शिंपले, सागरी प्राण्यांचे अवशेष आणि गारगोटीची प्राचीन हत्यारे मिळत. अशा वस्तू गोळा करण्याचा छंद त्यांना बालपणीच लागला. ते दहा वर्षांचे असताना जर्मन निसर्गवैज्ञानिक कार्ल फोख्ट यांची उत्क्रांतीवरील व्याख्याने त्यांच्या प्रांतात झाली आणि त्यांवरून मोठी खळबळ उडाली. त्या चर्चेचा मुलाच्या मनावर खोल परिणाम झाला. वडिलांच्या व्यवसायात न शिरता १८७७ मध्ये त्यांनी ॲमस्टरडॅम विद्यापीठात वैद्यकाच्या अभ्यासक्रमासाठी प्रवेश घेतला.

पदवीनंतर ते शारीरशास्त्राचे प्राध्यापक माक्स फ्युर्ब्रिंगर यांचे साहाय्यक झाले आणि १८८६ मध्ये त्यांची अधिव्याख्याता म्हणून नेमणूक झाली. त्याच वर्षी ॲना लोयेंगा यांच्याशी त्यांचा विवाह झाला. पुढे प्राध्यापकपद मिळण्याची चिन्हे स्पष्ट दिसत होती. परंतु सस्तन प्राण्यांच्या स्वरयंत्राच्या उत्क्रांतीवर त्यांनी केलेल्या अभ्यासाचे श्रेय आपल्याला पूर्णपणे मिळत नाही, ते गुरूंच्या नावाखाली झाकले जाते, अशी शंका त्यांच्या मनात शिरली. ही शंका कितपत खरी होती, हा भाग वेगळा. आपल्या कामावर दुसरा कोणी हक्क सांगेल ही धास्ती मात्र त्यानंतर त्यांना आयुष्यभर सोडून गेली नाही. पुढील अनेक घटनांचा अर्थ लावताना ती ध्यानात ठेवावी लागते.

१८८६ मध्येच बेल्जियममधील स्पी येथील गुहेत निअँडरथल मानवाचे दोन सांगाडे प्राचीन हत्यारांसह सापडले. आइस्डेनपासून हे ठिकाण फारसे दूर नाही. द्युब्वा यांचा निश्चय पक्का झाला. आता प्रश्न होता तो शोध घ्यायचा कोठे, हा. डार्विन यांनी आफ्रिकेकडे बोट दाखवले होते. जर्मन प्राणिशास्त्रज्ञ एर्न्स्ट हेकेल यांचा कल आशियाकडे होता. कपी आणि मानव यांमधील कल्पित दुव्याला त्यांनी पिथेकँथ्रोपस, म्हणजे कपिमानव, असे नावही देऊन ठेवले होते. द्युब्वा यांनी आशियाची निवड केली. मानवाच्या अंगावरील केस उष्ण प्रदेशात नाहीसे झाले असावेत, कपी आजही उष्ण प्रदेशातच राहतात, आणि गिबन हा कपी मानवाला विशेष जवळचा आहे, असे त्यांचे युक्तिवाद होते.

त्यांच्या युक्तिवादातील एक महत्त्वाचा धागा मात्र भारतातून आला होता. आज पाकिस्तानात असलेल्या पंजाबच्या भागात, जाबी गावाजवळ, शिवालिक खडकांत १८७८ मध्ये एका प्राचीन कपीच्या टाळूचा दातांसह तुकडा सापडला. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणात काम केलेले रिचर्ड लिडेकर यांनी त्याचे वर्णन १८७९ मध्ये पॅलिओपिथेकस सिव्हालेन्सिस या नावाने प्रसिद्ध केले. काही वर्षांनी त्यांनीच त्याला चिंपांझीच्या प्रजातीत घातले. आशियाच्या भूमीवर चिंपांझीसारखा कपी एके काळी वावरत होता, हा याचा अर्थ. दुसरीकडे, जावातील चित्रकार रादेन सालेह यांनी गोळा केलेल्या जीवाश्मांचा अभ्यास करून लायडनचे भूवैज्ञानिक कार्ल मार्टिन यांनी जावातील नामशेष प्राणी शिवालिकमधील प्राण्यांशी नाते सांगतात, असे दाखवून दिले होते. शिवालिकमध्ये कपी असेल, तर जावा-सुमात्रातही असेल. आणि कपी जेथे होता तेथेच मानवाचा पूर्वजही असू शकेल, अशी ही तर्कसाखळी होती. जावा व सुमात्रा ही बेटे डचांच्या ताब्यात असल्याने तेथे जाणे तुलनेने सोपे होते, हेही कारण लहान नव्हते.

सरकारने मोहिमेसाठी पैसे देण्यास नकार दिला. तेव्हा द्युब्वा यांनी विद्यापीठातील पद सोडले आणि आठ वर्षांच्या करारावर डच वसाहतीच्या सैन्यात वैद्यकीय अधिकारी म्हणून नाव नोंदवले. सहकाऱ्यांना हा निव्वळ वेडेपणा वाटला. २९ ऑक्टोबर १८८७ रोजी पत्नी आणि काही महिन्यांची मुलगी यांच्यासह त्यांनी जहाजाने प्रयाण केले आणि डिसेंबरमध्ये ते सुमात्रातील पाडांग बंदरात उतरले.

रुग्णालयाच्या कामातून उरलेल्या वेळात आणि स्वतःच्या खर्चाने त्यांनी उत्खनन सुरू केले. पुढच्याच वर्षी एक लेख लिहून त्यांनी ही बेटे जीवाश्मांच्या दृष्टीने किती मोलाची आहेत, हे वसाहतीच्या सरकारला पटवून दिले. दुसऱ्या कोणत्या देशाच्या संशोधकाने येऊन हा मान पटकावला तर, ही भीती दाखवायलाही ते विसरले नाहीत. मार्च १८८९ मध्ये सरकारने त्यांना सैनिकी सेवेतून मोकळे करून या कामावर नेमले आणि सोबत दोन अभियंते व पन्नास सक्तमजुरीचे कैदी दिले. द्युब्वा यांच्या चरित्रात हे कैदी सहसा एका ओळीत येतात आणि नाहीसे होतात. प्रत्यक्षात घनदाट अरण्यातील निसरड्या गुहांत उतरून माती उपसण्याचे काम त्यांनीच केले. तापाने अनेक जण आजारी पडले, काही पळून गेले. खुद्द द्युब्वा यांनाही हिवतापाने वारंवार गाठले.

सुमात्रातील गुहांत ओरांगउटान, गिबन, गेंडा, हरिण, डुक्कर यांचे दात विपुल मिळाले. पण ते आजच्याच जातींचे निघाले. मानवाच्या पूर्वजासाठी हा काळ फार अलीकडचा आहे, असे ठरवून द्युब्वा निराश झाले. यात एक गंमत आहे. लिदा आयेर नावाच्या गुहेतून त्यांनी आणलेल्या दातांत आधुनिक मानवाचेही दात होते. त्या दातांचे आणि गुहेचे नव्याने कालमापन झाल्यावर, २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनानुसार, ते ७३,००० ते ६३,००० वर्षांपूर्वीचे असल्याचे दिसून आले. आग्नेय आशियाच्या पर्जन्यवनांत आधुनिक मानव किती लवकर पोहोचला, याचा हा महत्त्वाचा पुरावा मानला जातो. द्युब्वा ज्या पेट्या निरुपयोगी समजत होते, त्यांत तो शंभर वर्षांहून अधिक काळ पडून होता.

दरम्यान जावात वाजाक येथे संगमरवराचा शोध घेणाऱ्या फान रीटस्खोटेन या खाण अभियंत्याला १८८८ मध्ये एक जीवाश्म कवटी सापडली होती आणि ती द्युब्वा यांच्याकडे पोहोचली. त्यांनी जावात बदली मागून घेतली व १८९० मध्ये ते पूर्व जावातील तुलुंगागुंग येथे राहावयास आले. वाजाकजवळ त्यांना आणखी एका कवटीचे अवशेष मिळाले, परंतु या कवट्या आजच्या मानवाच्याच घडणीच्या होत्या. कपिमानव शोधणाऱ्याला त्यांचे काय होय! द्युब्वा यांनी त्या बाजूला ठेवल्या आणि त्यांचे सविस्तर वर्णन तब्बल तीस वर्षांनी, १९२० मध्ये, प्रसिद्ध केले.

जावात त्यांनी गुहांचा नाद सोडला आणि नद्यांनी कापलेल्या उघड्या थरांकडे लक्ष वळवले. हा निर्णय निर्णायक ठरला. नोव्हेंबर १८९० मध्ये केदुंग ब्रुबुस येथे जबड्याचा एक लहान तुकडा मिळाला. त्यानंतर त्यांचे लक्ष गेले ते बंगावान सोलो या जावातील सर्वांत लांब नदीच्या काठावरील त्रिनिल या ठिकाणाकडे. येथे नदीने आपल्या काठाचा उभा छेद घेतलेला आहे. कोरड्या ऋतूत पाणी उतरले की ज्वालामुखीच्या राखेने व वाळूने बनलेल्या थरांच्या तळाशी हाडांनी गच्च भरलेला एक थर उघडा पडतो. स्टेगोडॉन हा हत्तीच्या कुळातील नामशेष प्राणी, रेडे, मगरी, हरणे यांचे अवशेष तेथे मुबलक होते. यांतील एका हरणाच्या जातीला लिडेकर यांचे नाव आहे, तर आपल्याकडील नीलगाय आणि चौशिंगा यांच्या गोत्रातील एका लहान नामशेष प्राण्याच्या प्रजातीला द्युब्वा यांच्या नावावरून द्युब्वाइया हे नाव मिळाले.

खोदकामाचा रोजचा कारभार क्रीले आणि दे विंटर हे दोन सैनिकी हवालदार पाहत. कैद्यांकडून कामही तेच करवून घेत. सापडलेल्या वस्तू ते सागाच्या पानांत गुंडाळून तुलुंगागुंगला पाठवीत. द्युब्वा अधूनमधून येऊन पाहणी करीत. हाडे चोरून चिनी व्यापाऱ्यांना औषधासाठी विकली जातात, अशीही त्यांची तक्रार असे. पावसाळा आला, नदी चढली, की काम थांबे.

१८९१ च्या सप्टेंबरमध्ये एक दाढ हाती आली. ऑक्टोबरमध्ये तिच्यापासून सुमारे एक मीटर अंतरावर कवटीचा वरचा भाग निघाला. आकार उलट्या वाटीसारखा, रंग गडद तपकिरी, हाड जाड. भुवयांवरील कंगोरा पुढे आलेला आणि कपाळ जवळजवळ नसल्यासारखे मागे उतरते. तो कोणाच्या कुदळीखालून वर आला, त्या कैद्याचे नाव इतिहासात राहिलेले नाही. द्युब्वा यांनाही आरंभी त्याचे पूर्ण महत्त्व उमगले नाही. हा चिंपांझीसारखा एखादा मोठा कपी असावा, असेच त्यांनी आपल्या पहिल्या अहवालात नोंदवले.

पाऊस आला आणि काम थांबले. ऑगस्ट १८९२ मध्ये, कवटीच्या जागेपासून दहा-पंधरा मीटर अंतरावर, डाव्या मांडीचे संपूर्ण हाड सापडले. ते पाहताच चित्र पालटले. हाड सरळ, लांब आणि जवळजवळ आजच्या माणसासारखे होते. त्यावर रोगामुळे वाढलेला हाडाचा एक ओबडधोबड गोळा होता; म्हणजे तो जीव दुखण्यातून काही काळ जगलेलाही होता. असे हाड असलेला प्राणी दोन पायांवर ताठ चालत असणार, यात शंका नव्हती. कवटी, दाढ आणि मांडीचे हाड एकाच प्राण्याची आहेत, असे द्युब्वा यांनी मानले. मग त्यांनी कवटीच्या पोकळीचे माप पुन्हा काढले. आजच्या मोजमापानुसार हे आकारमान सुमारे ९०० घन सेंटीमीटरांहून थोडे अधिक भरते. चिंपांझीच्या मेंदूचे आकारमान साधारण ४०० आणि आजच्या माणसाच्या मेंदूचे सुमारे १३५० घन सेंटीमीटर असते, हे ध्यानात घेतले म्हणजे ही कवटी नेमकी कोठे बसते ते कळते. १८९४ मध्ये बटाविया येथे प्रसिद्ध केलेल्या प्रबंधात द्युब्वा यांनी हेकेल यांचे नाव उचलून या प्राण्याचे पिथेकँथ्रोपस इरेक्टस, अर्थात ताठ चालणारा कपिमानव, असे नामकरण केले.

मेंदू लहान आणि चाल मात्र माणसाची, हा या शोधाचा गाभा होता. त्या काळी पुष्कळ विद्वानांची समजूत होती की मानवाच्या उत्क्रांतीत मेंदूची वाढ आधी झाली आणि ताठ चालणे नंतर आले. त्रिनिलने ती समजूत उलटी केली. आफ्रिकेतील नंतरच्या शोधांनी हा क्रम आणखी स्पष्ट केला.

मायदेशी परतण्यापूर्वी, १८९५ च्या आरंभी, द्युब्वा भारतात आले. कोलकात्याच्या भारतीय संग्रहालयातील शिवालिकच्या प्राण्यांचे अवशेष त्यांनी तपासले आणि शिवालिक टेकड्यांचीही पाहणी केली. ज्या कपीच्या आधारावर आपण हॉलंड सोडले, त्याचा टाळूचा तुकडा त्यांना येथे प्रत्यक्ष पाहता आला. दोन वर्षांनी त्यांनी तीन नामशेष कपींवर लिहिलेल्या निबंधात या जीवाश्माचा परामर्श घेतला. शिवालिकमधील तो कपी आज सिव्हापिथेकस या प्रजातीत घातला जातो. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे गाय पिलग्रिम यांनी १९१० मध्ये या प्रजातीला शिवाचे नाव दिले. हिमाचल प्रदेशातील हरितल्यांगर परिसरातही तिचे अवशेष मिळाले. याच परिसरातील एका जबड्याला १९३० च्या दशकात रामपिथेकस असे नाव मिळाले आणि पुढे कित्येक वर्षे पाठ्यपुस्तकांतून रामपिथेकस मानवाचा आद्य पूर्वज म्हणून शिकवला गेला. पाकिस्तानातील पोटवार पठारावर सापडलेल्या एका सिव्हापिथेकसच्या चेहऱ्याचे वर्णन १९८२ मध्ये प्रसिद्ध झाले आणि हा कपी ओरांगउटानच्या शाखेशी निगडित असल्याचे दिसून आले. रामपिथेकसही त्यातच सामावला गेला. म्हणजे द्युब्वा यांनी ज्याला मानवाच्या घराण्याची खूण समजून प्रवास आरंभला, तो मानवाचा दूरचा चुलत भाऊ निघाला.

परतीच्या प्रवासात समुद्र खवळला, तेव्हा मुलांना तू सांभाळ, मी या पेटीला सांभाळतो, अशा आशयाची सूचना द्युब्वा यांनी पत्नीला केली, असे सांगतात. पॅरिसमधील एका उपाहारगृहात जीवाश्मांची पेटी विसरली आणि धावत जाऊन परत मिळवली, अशीही एक गोष्ट प्रचलित आहे. या कथांतील अतिशयोक्ती वगळली तरी त्यांची या हाडांवरील आसक्ती तीव्र होती, यात शंका नाही. उर्वरित संग्रह चारशेहून अधिक पेट्यांतून नेदरलँड्सला रवाना झाला होता.

सप्टेंबर १८९५ मध्ये लायडन येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय प्राणिशास्त्र परिषदेत त्यांनी आपले अवशेष विद्वानांसमोर ठेवले. अध्यक्षस्थानी जर्मनीचे विख्यात रोगनिदानतज्ज्ञ रुडोल्फ फिर्खो होते आणि तेच त्यांचे सर्वांत कठोर टीकाकार ठरले. कवटी एखाद्या प्रचंड गिबनची आहे आणि ती मांडीच्या हाडाशी जोडण्यास आधार नाही, असे त्यांचे मत होते. त्यानंतर द्युब्वा यांनी ब्रसेल्स, पॅरिस, लंडन, एडिंबरो, डब्लिन, बर्लिन असा दौरा केला. विद्वानांत तीन तट पडले. इंग्लंडमध्ये हा आदिम माणूसच आहे असे मानण्याकडे कल होता; जर्मनीत अनेकांना तो कपी वाटला; काहींनी, विशेषतः हेकेल, फ्रान्सचे मानुव्रिए आणि अमेरिकेचे मार्श यांनी, तो दोहोंमधील दुवा असल्याचे मान्य केले. एकाच हाडाला काही जण माणूस म्हणतात आणि काही जण कपी, यातच तो मधला असल्याचे सिद्ध होते, असा प्रतिवाद द्युब्वा यांच्या बाजूने करता येत होता आणि तो बिनतोड होता.

ॲमस्टरडॅम विद्यापीठाने १८९७ मध्ये त्यांना सन्माननीय डॉक्टरेट दिली. १८९९ मध्ये ते तेथे प्राध्यापक झाले. हारलेमच्या टेलर संग्रहालयातील पुराजीवशास्त्र विभागाची जबाबदारीही त्यांच्याकडे आली. १९०० च्या पॅरिस जागतिक प्रदर्शनासाठी त्यांनी आपल्याच मुलाला नमुना म्हणून उभे करून कपिमानवाचा पूर्णाकृती पुतळा तयार केला. पण तोवर कटुता वाढू लागली होती. स्ट्रासबुर्गचे शारीरशास्त्रज्ञ गुस्टाव श्वाल्बे यांनी कवटीच्या साच्यावरून १८९९ मध्ये एक विस्तृत, द्युब्वा यांच्या कामाहून अधिक तपशीलवार अभ्यास प्रसिद्ध केला. श्रेय हिरावले जाण्याचे जुने भय पुन्हा जागे झाले. विसाव्या शतकाच्या आरंभापासून द्युब्वा यांनी ही हाडे इतरांना दाखवणेच बंद केले. जगातील सर्वांत चर्चिलेला जीवाश्म सुमारे दोन दशके कुलपात राहिला. ती जेवणघराच्या जमिनीखाली पुरली आहेत, धर्मभावना जागृत झाल्याने त्यांनी शोध नाकारला आहे, अशा अफवा पसरल्या.

या काळात ते रिकामे बसले नव्हते. दंतवैद्याच्या यंत्राने कवटीच्या आतील दगड कणाकणाने कोरून काढण्याचे काम ते करीत होते आणि मेंदूचे वजन व शरीराचे वजन यांच्या परस्परसंबंधाचा गणिती नियम शोधत होते. हत्तीचा मेंदू माणसापेक्षा मोठा असतो, म्हणून हत्ती अधिक बुद्धिमान ठरत नाही. शरीर वाढते त्याच प्रमाणात मेंदू वाढत नाही. ही तूट किती, ते त्यांनी अनेक प्राण्यांची मोजमापे घेऊन ठरवण्याचा प्रयत्न केला. या क्षेत्रातील हे आरंभीचे आणि मोलाचे काम होते, आणि कवटीच्या प्रसिद्धीखाली ते अकारण झाकले गेले. मेंदूचा विकास दुपटीच्या उड्यांनी होतो, या निष्कर्षापर्यंत मात्र ते ओढले गेले. या हिशेबाने कपीचा दर्जा मानवाच्या एक चतुर्थांश आणि कपिमानवाचा बरोबर निम्मा यावयास हवा होता. पण कवटीतील मेंदू निम्म्याहून बराच मोठा. हिशेब जुळवायचा तर शरीर शंभर किलोग्रॅमहून जड मानावे लागे आणि त्यासाठी ते गिबनच्या घडणीचे कल्पावे लागे. द्युब्वा यांनी तसे कल्पिले.

जागतिक वैज्ञानिकांच्या दबावानंतर १९२३ मध्ये त्यांनी तिजोरी उघडली आणि संशोधकांना मूळ अवशेष पाहता येऊ लागले. १९३२ मध्ये लायडनला जुन्या पेट्या तपासताना त्रिनिलची आणखी काही मांडीची हाडे निघाली. १९३५ मध्ये द्युब्वा यांनी पिथेकँथ्रोपसच्या गिबनसदृश रूपावर निबंध लिहिला आणि जगभर वार्ता पसरली की जावा मानवाच्या जनकानेच तो निव्वळ गिबन असल्याचे कबूल केले. अनेक पुस्तकांत आजही हेच छापलेले आढळते. वस्तुस्थिती नेमकी उलट होती. गिबनची घडण मानल्यानेच तो मधला दुवा आहे, हे त्यांच्या गणितात सिद्ध होत होते. डच इतिहासकार बर्ट थ्युनिसन आणि अमेरिकन पुराजीवशास्त्रज्ञ स्टीफन जे गुल्ड यांनी हा गैरसमज दूर करण्याचा प्रयत्न पुढे केला.

तोपर्यंत काळ त्यांच्या पुढे निघून गेला होता. १९२९ मध्ये चीनमध्ये पेकिंग मानवाची कवटी सापडली. १९३७ मध्ये राल्फ फोन केनिग्सवाल्ड यांना जावातच सांगीरान येथे एक कवटी मिळाली. गावकऱ्यांना प्रत्येक तुकड्यामागे दहा सेंट देण्याचे त्यांनी कबूल केले होते, त्यामुळे गावकरी मोठ्या तुकड्यांचे लहान तुकडे करू लागले. जोडल्यावर मात्र ती कवटी त्रिनिलच्या कवटीशी हुबेहूब जुळली. द्युब्वा यांच्या शोधावर याहून भक्कम शिक्कामोर्तब होऊ शकले नसते. द्युब्वा यांनी ते स्वीकारले नाही. आपला पिथेकँथ्रोपस एकमेव आहे. सांगीरानचे अवशेष वाजाकच्या माणसाचे आहेत, असा त्यांचा दावा होता. आपल्याला सत्य ठरवणाऱ्यांशीच त्यांनी अखेरपर्यंत झुंज घेतली आणि १९४० मध्येही ते या विषयावर लिहीत होते. त्याच वर्षी, १६ डिसेंबर रोजी, जर्मन फौजांच्या ताब्यातील नेदरलँड्समध्ये, हालेन येथील आपल्या इस्टेटीवर वयाच्या ८२ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. व्हेन्लो येथे त्यांचे दफन करण्यात आले.

पिथेकँथ्रोपस हे नाव फार काळ टिकले नाही. १९५० मध्ये जीववैज्ञानिक एर्न्स्ट मायर यांनी जावा व पेकिंग येथील अवशेष होमो इरेक्टस या एकाच जातीत घालावेत असे सुचवले आणि ते सर्वमान्य झाले. म्हणजे तो कपी नव्हता, कपिमानवही नव्हता, तर मानवाच्याच प्रजातीचा होता. ही जात आफ्रिकेतून आशियात पसरली असे आज मानतात. मध्य प्रदेशातील हथनोरा येथे, नर्मदेच्या काठी, भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे अरुण सोनकिया यांना १९८२ मध्ये मिळालेल्या कवटीची तुलनाही प्रथम याच जातीशी केली गेली, जरी तिच्या वर्गीकरणाबद्दल नंतर मतभेद झाले. फिर्खो यांची एक शंका मात्र अगदीच निराधार नव्हती. त्रिनिलचे ते प्रसिद्ध मांडीचे हाड कवटीहून बरेच अलीकडचे, कदाचित आधुनिक मानवाचे असावे, असे आज अनेक अभ्यासकांना वाटते. ज्या हाडामुळे इरेक्टस हे नाव मिळाले, तेच कदाचित त्या जातीचे नव्हे. ही जात ताठ चालत होती हे इतर सांगाड्यांवरून निर्विवाद सिद्ध झाले आहे, त्यामुळे नावाला धक्का लागलेला नाही.

द्युब्वा यांच्या पेट्यांतून नवे काही निघत राहिले आहे. डिसेंबर २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात त्रिनिलच्या गोड्या पाण्यातील एका शिंपल्यावर मुद्दाम कोरलेली नागमोडी रेघ असल्याचे दाखवण्यात आले. तो शिंपला किमान ४,३०,००० वर्षांपूर्वीचा आहे. होमो इरेक्टसने हेतुपूर्वक उमटवलेली ही खूण असेल, तर ती तोवर ज्ञात असलेल्या अशा कोणत्याही खुणेपेक्षा कितीतरी जुनी ठरते.

हा संग्रह कोणाचा, हा प्रश्न स्वतंत्र इंडोनेशियाने वारंवार उपस्थित केला होता. २०२२ मध्ये त्या देशाने अधिकृत मागणी केली. वसाहतकालीन संग्रहांचा विचार करणाऱ्या डच समितीने तपासाअंती असा निष्कर्ष काढला की स्थानिक लोकांना ही हाडे आध्यात्मिक व आर्थिक दृष्ट्या मोलाची वाटत होती, जागा दाखवण्यासाठी त्यांच्यावर दडपण आणले गेले होते आणि संग्रह त्यांच्या इच्छेविरुद्ध नेला गेला असण्याची शक्यता आहे. त्या शिफारशीनुसार सप्टेंबर २०२५ मध्ये नेदरलँड्स सरकारने लायडनच्या नॅचरॅलिस संग्रहालयाने सांभाळलेला २८,००० हून अधिक वस्तूंचा हा संपूर्ण संग्रह इंडोनेशियाला परत करण्याचा निर्णय जाहीर केला. कवटी, दाढ, मांडीचे हाड आणि कोरलेला शिंपला त्यातच आहेत.

त्रिनिल येथे आता एक संग्रहालय असून त्याच्या आवारात द्युब्वा यांनी स्वतः बसवलेला दगड पाहावयास मिळतो. त्यावर पिथेकँथ्रोपसची दोन आद्याक्षरे, १८९१ ते १८९३ ही वर्षे आणि एक बाण कोरलेला आहे. कवटी सापडली ती जागा तेथून १७५ मीटर अंतरावर, पूर्व-ईशान्य दिशेला, सोलो नदीपलीकडे आहे.